स्वस्त गोळीच्या बाजूनं

मी पहिली गोळी झाडली तेव्हा अकरावीत होतो आणि शहराबाहेरच्या एका फायरिंग रेंजवर फाटक्या सतरंजीवर पालथा पडलो होतो. एनसीसीचा कॅम्प होता. हातात पॉइंट टू-टू रायफल, दस्ता पिढ्यानपिढ्यांच्या घामानं काळा पडलेला, बोल्ट मागे ओढताना मध्येच अडणारा. समोर २५ मीटरवर कागद. उस्ताद रांगेतून फिरत प्रत्येकाच्या तळहातावर पाच गोळ्या मोजून ठेवत होते, देवळात प्रसाद देतात तशा. दुसऱ्यांदा हात पुढे केला तर मिळणार नाही, हेही प्रसादासारखंच.

पाच गोळ्या दोन मिनिटांत संपल्या. त्यानंतरचे दोन तास रिकाम्या पुंगळ्या शोधण्यात गेले. चाळीस जणांनी दोनशे गोळ्या झाडल्या आणि पुंगळ्या भरल्या एकशे नव्व्याण्णव. अंधार पडेपर्यंत आम्ही गुडघ्यावर बसून गवत चाचपत होतो. शेवटी ती एका पोराच्या बुटात सापडली. तेव्हा आम्ही उस्तादांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. आज मला वाटतं, या देशात नेमबाजी सगळ्यांपर्यंत कशी न्यायची याचं उत्तर त्या दोन तासांत होतं. चुकीचा होता तो फक्त पाच हा आकडा.

या लेखात मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. भारतातल्या नेमबाजीला आणखी महागड्या रायफली, परदेशी प्रशिक्षक किंवा काचेच्या भिंतींच्या रेंजेस यांच्या आधी एक गोष्ट हवी आहे: स्वस्त, सामान्य दर्जाची, भरपूर प्रमाणात मिळणारी .२२ ची गोळी. आणि ती मिळू नये यासाठी सरकार आणि खुद्द नेमबाज मंडळी, दोघंही आपापल्या परीनं हातभार लावतात.

माझ्याबद्दल थोडं. मी सॉफ्टवेअरवाला. छत्रपती संभाजीनगरातच इंजिनिअरिंग केलं, पुण्यात तीन वर्षं काढली आणि आता घरूनच काम करतो. महिन्यातून दोनदा पहाटे गाडी काढून एका क्लबच्या ५० मीटर रेंजवर जातो. मी स्पर्धक नाही, होणारही नाही. क्लबकडे चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश नकाशावर होता तेव्हा बनलेली एक बोल्ट-अ‍ॅक्शन .२२ आहे. आखूड, हलकी, शाळकरी मुलीच्याही खांद्याला लागेल अशी. स्पर्धा खेळणारे तिच्याकडे बघतही नाहीत, म्हणून ती मला मिळते.

आता पदकांकडे येऊ, कारण आपल्याकडे पदकाशिवाय कुणी ऐकून घेत नाही.

ऑलिंपिक नेमबाजीत भारताला २०२४ पर्यंत सात पदकं मिळाली आहेत. २००४ला राज्यवर्धनसिंह राठोड, २००८ला अभिनव बिंद्रा, २०१२ला गगन नारंग आणि विजय कुमार, २०२४ला मनू भाकर, मनू आणि सरबज्योतसिंग यांची जोडी, आणि आपला स्वप्निल कुसाळे. या सातपैकी चार पदकं १० मीटरच्या एअर रायफलची किंवा एअर पिस्तुलाची आहेत. राठोड यांचं शॉटगनचं. .२२ च्या गोळीवर मिळालेली पदकं दोनच: विजय कुमारचं २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलातलं रौप्य आणि स्वप्निलचं ५० मीटर थ्री पोझिशनमधलं कांस्य. विजय कुमार लष्करात होता. स्वप्निल मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. राठोडही लष्करातलेच.

हा योगायोग नाही. एअर रायफलीला, म्हणजे ४.५ मिलीमीटरची आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेची असेल तर, २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. दहा मीटर म्हणजे एक लांबट हॉल. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, शाळेच्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेत, कुठेही रेंज निघते. छर्रा गोळीच्या मानानं कितीतरी पट स्वस्त. पोर दिवसाला शंभर छर्रे मारू शकतं आणि बापाला रात्री झोप लागते. जिथे दारुगोळा परवडतो तिथे आपण जगात वरच्या फळीत आहोत. जिथे परवडत नाही तिथे गोळीचा खर्च कुठल्यातरी सरकारी खात्यानं उचलला तरच पदक येतं. आपल्या नेमबाजांची गुणवत्ता १० मीटरवर अचानक उगवते आणि ५० मीटरवर अचानक मावळते, असं मानायचं असेल तर माना. मला तरी हा सरळ पुरवठ्याचा प्रश्न दिसतो.

१ ऑगस्ट २०२४. शॅतोरूच्या रेंजवर स्वप्निल सातव्या क्रमांकानं अंतिम फेरीत आला होता, ५९० गुणांवर. अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह तिसरा. मी लॅपटॉपवर एका खिडकीत ऑफिसची मीटिंग आणि दुसऱ्या खिडकीत सामना लावून बसलो होतो. मीटिंगमध्ये मला काहीतरी विचारलं गेलं आणि मी ‘स्टँडिंग बाकी आहे अजून’ असं उत्तर दिलं. त्या संध्याकाळपासून आठवडाभर आपण सगळ्यांनी काय वाचलं? राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, शिक्षक वडील, सरपंच आई, आणि वडिलांनी मुलाच्या गोळ्यांसाठी काढलेलं कर्ज. हे कर्ज प्रत्येक बातमीत होतं. जिद्द, त्याग, बापाचं काळीज अशी विशेषणं लावून. राज्य सरकारनं एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं, रेल्वेनं बढती दिली.

मला स्वप्निलच्या एका पैशाबद्दलही तक्रार नाही. त्याला आणखी द्या. पण त्या कर्जाची बातमी आपण अभिमानानं कशी काय वाचली? शिक्षकाला पोराच्या सरावासाठी कर्ज काढावं लागलं ही त्या घराची थोरवी आहेच, आणि ती आपली नामुष्कीसुद्धा आहे. कर्ज काढून जिंकलेला एक आपल्याला माहीत झाला. कर्ज काढून न जिंकलेले, आणि कर्ज मिळालंच नाही म्हणून घरी बसलेले किती, यांचं सदर कुठलं वर्तमानपत्र चालवतं?

अशी एक मला माहीत आहे. माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कन्नड तालुक्यातलं गाव, काका वाळूजला एका कारखान्यात ठेकेदाराकडे. तीही कॉलेजात एनसीसीत होती. पहिल्या फायरिंगला तिच्या पाचही गोळ्यांची भोकं दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि नुकतंच स्टॅटिस्टिक्स शिकलो होतो. पाच हा नमुना फार छोटा आहे, नशीबही असू शकतं, असं मी तिला मोठ्या तज्ज्ञासारखं सांगितलं. पुढच्या फायरिंगला तिनं तेच परत केलं. मग निवड झाली, वरच्या कॅम्पला गेली, तिथे आणखी वीस-तीस गोळ्या मिळाल्या, आणि तिथेही ती पुढेच होती. एनसीसीची वर्षं संपल्यावर ती एका खासगी रेंजवर विचारायला गेली. तिथल्या माणसानं कागदावर हिशेब मांडून दिला. सगळ्यात वर रायफल, ती क्लबची चालली असती. त्याखाली जॅकेट, हातमोजा, बूट, तेही कुणाचे जुने मिळाले असते. शेवटच्या ओळीत आयात गोळ्या, दरमहा. काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि आम्हाला उसाचा रस पाजला. रायफल एकदाच घ्यायची असते, उसनीही मिळते. गोळी उसनी मिळत नाही. आज ती जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलात बिलिंगच्या काउंटरवर बसते.

मी तिच्याहून वाईट नेमबाज आहे आणि गोळ्या माझ्याकडे आहेत. या लेखाला राग म्हणायचं तर तो इथला आहे.

आता गोळीबद्दल. यातलं तांत्रिक अंग नीट समजून घेतल्याशिवाय माझा मुद्दा नुसता गहिवर होऊन बसेल.

.२२ लाँग रायफल हे जगातलं सगळ्यात साधं काडतूस. पितळेची छोटी पुंगळी, तिच्या बुडाची कड पोकळ. त्या कडेत स्फोटक मिश्रण भरून ते गरगर फिरवून पसरवलेलं. वर चिमूटभर दारू आणि टोकाला साधारण अडीच ग्रॅमचं शिसं. फायरिंग पिन कडेवर आपटते, म्हणून याला रिमफायर म्हणतात. महाग आणि स्वस्त गोळीत फरक पडतो तो प्रामुख्यानं सारखेपणात. कडेतलं मिश्रण सगळीकडे सारखं पसरलं का, दारू दर पुंगळीत सारखी पडली का, शिशाचा आकार आणि त्यावरचं मेण सारखं आहे का. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्या पैसे घेतात ते या सारखेपणाचे. वरच्या दर्जाचे नेमबाज तर आपली रायफल घेऊन त्यांच्या चाचणी केंद्रावर जातात आणि कुठल्या लॉटच्या गोळ्या आपल्या नळीला मानवतात ते बघून तोच लॉट उचलतात.

या सारखेपणाची किंमत मोजता येते. स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सादेखील लागत नाही आणि तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. समजा स्वस्त गोळीच्या वेगात १० मीटरचा फरक पडला. हा बराच मोठा फरक झाला, तरी धरू. बारावीच्या फिजिक्सनं बघितलं तर खाली येण्यात साधारण ७ मिलीमीटरचा फरक पडतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं आणि पुढची वर्तुळं ८-८ मिलीमीटरच्या अंतरानं. म्हणजे वाईटात वाईट गोळी तुमचा जवळजवळ एक गुण खाते. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दशांश गुणांवर पदकं ठरतात, तिथे हा गुण म्हणजे आभाळ. तिथे टेनेक्सच हवी. मान्य.

पण शिकणाऱ्या पोराचं काय? उभ्यानं रायफल धरल्यावर माझी नळी ५० मीटरवर तीनेक सेंटिमीटर भटकते. स्वतंत्र चुका एकमेकींत सरळ मिळवायच्या नसतात, त्यांचे वर्ग मिळवायचे असतात. ३० चा वर्ग ९००, ७ चा वर्ग ४९, बेरीज ९४९, वर्गमूळ ३०.८. गोळी अगदी देवाच्या घरून आणली तर माझी चूक ३० मिलीमीटर, आणि बाजारातली सगळ्यात रद्दी गोळी घातली तर ३०.८. हा जो शून्य पूर्णांक आठ मिलीमीटर आहे, त्यासाठी आपण पोरांना नेमबाजीतून बाहेर काढतोय. आणि २५ मीटरवर तर तो ७ मिलीमीटरचा फरक दोनच्या आत येतो. तिथे टेनेक्स घालणं म्हणजे गल्लीतल्या टेनिस बॉलच्या मॅचला थर्ड अंपायर बसवणं.

हे कागदावरचं गणित पटत नसेल तर हातानंही करून पाहिलं आहे. त्या जुन्या आखूड रायफलीनं एका रविवारी पन्नास महागड्या आणि पन्नास स्वस्त गोळ्या मारल्या. आधी वाळूच्या पिशवीवर टेकवून. फरक डोळ्यांना दिसला, स्वस्त गोळ्यांचा पसारा दुपटीहून थोडा जास्त, आणि तोही उभट, म्हणजे वेगातल्या फरकाचाच. मग उभ्यानं मारल्या आणि कागद सरमिसळ करून क्लबातल्या तिघांना विचारलं की कुठला कुठल्या गोळीचा. एकानं सगळे चुकवले. उरलेल्या दोघांनी ‘रायफलच जुनी आहे’ असा निकाल दिला.

आमच्या मंडळींचं हे असंच. क्लबात पाय ठेवल्याबरोबर नवीन पोराला पहिला उपदेश मिळतो तो गोळीबद्दल. देशी गोळी मारू नकोस, हात बिघडतो. ती फुटत नाही, आत्मविश्वास जातो. अरे, ज्याला अजून श्वास कुठे रोखायचा ते कळत नाही त्याचा कुठला हात बिघडणार? आणि न फुटणाऱ्या गोळीबद्दल तर माझं मत उलटंच आहे. ट्रिगर ओढला, गोळी फुटली नाही, आणि नळी मात्र खाली झुकली, म्हणजे तुम्ही धक्क्याच्या भीतीनं आधीच हात हलवत होता हे तुम्हाला त्या क्षणी दिसतं. जगभरात ही सवय मोडायला प्रशिक्षक मुद्दाम खऱ्या गोळ्यांत खोट्या गोळ्या मिसळून देतात. आपली गोळी ही सोय फुकट पुरवते. (न फुटलेली गोळी घाईनं बाहेर काढायची नाही, नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. ती उशिरा फुटू शकते. हे विनोदात घालवू नका.) स्वस्त गोळी नळी घाण करते, काही स्पर्धेच्या रायफलींच्या घट्ट चेंबरमध्ये नीट बसत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यावर उपाय नळी साफ करण्याचा आणि सरावाला साधी रायफल वापरण्याचा आहे. पण साध्या रायफलीनं सराव केला तर क्लबात इज्जत राहत नाही. मध्यमवर्गीय आई-बापांना तर आधीच वाटत असतं की महाग तेच चांगलं, कोटाचे क्लासेस आणि फिनलंडची गोळी एकाच हिशेबात बसतात. आणि मग हेच आपण सरकारकडे मागतो: आयातीवर सूट द्या. स्वस्त गोळी बनवा असं मागताना मी तरी आमच्यातल्या कुणाला ऐकलं नाही.

खरं तर ती मागणी करायला महाराष्ट्राइतकी योग्य जागा देशात दुसरी नाही. खडकीचा दारुगोळा कारखाना १८६९चा. वरणगावचा विसाव्या शतकाच्या साठच्या दशकातला. संभाजीनगरहून सिल्लोड, फर्दापूर करत निघालं तर जेवायच्या वेळेला तिथे पोचता येतं. दोन्हीकडे सैन्याच्या रायफलींची काडतुसं बनतात. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातली दारुगोळ्याची म्युनिशन्स इंडिया, तिचं मुख्यालय पुण्यात. म्हणजे गोळी आपल्या राज्यात बनते, कंपनीचं ऑफिस आपल्या राज्यात आहे, आणि राधानगरीचा शिक्षक गोळ्यांसाठी कर्ज काढतो. सैन्याच्या गोळीपुढे .२२ ची गोळी म्हणजे पोरखेळ आहे, हे खरंच. पण नेमकी पोरांसाठीच हवी आहे ती. स्पर्धेच्या दर्जाचा सारखेपणा साधणं अवघड आहे, मी ते मागतही नाही. वेगात १० मीटरचा फरक पडणारी चालेल, फक्त शाळा-कॉलेजांना पोतं भरून द्या. आमच्या वाळूज, चिकलठाण्याच्या शेडमध्ये दुचाकीचे सुटे भाग मायक्रॉनमध्ये मोजून रोज हजारोंनी पडतात. पितळेच्या टोपीला काय धाड भरली आहे?

धाड भरली आहे ती कायद्याला. १८७८चा लिटनचा शस्त्र कायदा हिंदी माणसाला परवाना लावायचा आणि गोऱ्याला सूट द्यायचा. १९५९चा आपला कायदा तो भेद ठेवत नाही, पण त्यातली धास्ती बरीचशी तशीच आहे. या कायद्याला गोळी आणि बंदूक सारखीच. परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस बॅगेत सापडलं तरी गुन्हा. अधूनमधून नियम सैल होतात, ते नेमबाजांच्या वरच्या पायरीवर. फेब्रुवारी २०२०मध्ये गृहमंत्रालयानं नेमबाजांसाठी .२२ च्या गोळ्यांची मर्यादा १००० वरून ५००० केली. चांगलं केलं. पण मर्यादा वाढली म्हणून खिसा वाढत नाही. नियमांत ‘रिनाउण्ड शॉट’ नावाची वर्गवारी आहे, तीत शिरायला राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण लागतात. गुणांसाठी सराव, सरावासाठी गोळ्या, आणि गोळ्यांच्या खऱ्या सवलती गुण मिळाल्यावर. आमच्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात आणि असा कोड लिहिणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. ‘इच्छुक नेमबाज’ अशीही वर्गवारी २०१६च्या नियमांत आहे. म्हणजे कागदावर दार आहे. दारापलीकडे पुन्हा तीच आयात गोळी.

इथे कुणीतरी अमेरिकेचं नाव काढणारच. काढायलाच हवं. शाळेत घुसून मुलांना मारण्याच्या बातम्या मीही वाचतो आणि .२२ नं माणूस मरत नाही असं म्हणणाऱ्याच्या हातात मी केपची बंदूकही देणार नाही. घरोघरी बंदूक हवी असं मी म्हणत नाही. मला स्वतःला परवाना नको आहे. मी म्हणतोय ते याच्या नेमकं उलट आहे: रायफल घरी नको, गोळी घरी नको. दोन्ही कोतात, कुलपात. पोर येईल, सही करेल, मोजून पन्नास गोळ्या घेईल, मोजून पन्नास पुंगळ्या परत देईल आणि रिकाम्या हातानं घरी जाईल. हे अशक्य वाटत असेल तर आठवण करून देतो, एनसीसी हे १९४८ पासून करते आहे, आणि आठवी-नववीतल्या पोरांकडूनही करून घेते. एकशे नव्व्याण्णव पुंगळ्यांवर गाडं अडवणारा उस्ताद आपल्याकडे आहे. यंत्रणा आहे, शिस्त आहे, कोत आहे. फक्त पाचाचे पन्नास करायचे आहेत, आणि एनसीसी संपल्यावर पोराला गेटबाहेर काढायच्या ऐवजी जिल्ह्याच्या रेंजकडे पाठवायचं आहे.

आणि जिल्ह्याची रेंज म्हटल्यावर मराठवाड्याचं रडगाणं गायलाच हवं, त्याशिवाय लेख संभाजीनगरचा वाटणार नाही. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली, ती कोल्हापूरची. राही सरनोबत कोल्हापूरची. स्वप्निल कोल्हापूर जिल्ह्यातला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात शिसं असतं असं काही नाही. एकानं रस्ता पाडला की दुसऱ्याला तो दिसतो, एवढंच. आमच्याकडे देवगिरी किल्ल्यावर मेंढा तोफ आहे, आणि पाहुण्यांना ती दाखवताना आम्हाला केवढा अभिमान. पन्नास मीटर जमीन आणि मागे मातीचा उंच बांध, एवढ्याच भांडवलाची रेंज मात्र डोंगरांनी वेढलेल्या या शहरातल्या पोराला सहज मिळत नाही. सिंचनाचा अनुशेष मोजायला समित्या झाल्या. या अनुशेषाला नावसुद्धा नाही.

नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी म्हणून घेतली जाते. धोतर नेसणारा, गांधींच्या चळवळीत तुरुंगात गेलेला माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष होतो, यात त्या पिढीला काही विसंगत वाटलं नाही. नेमबाजी ही नागरिकानं शिकायची गोष्ट आहे, असं त्यांना वाटत असावं. आपण तिची निम्मी भीती घातली आणि निम्मी ती श्रीमंतांना देऊन टाकली.

गेल्या दिवाळीनंतर मी मावसबहिणीला घेऊन क्लबवर गेलो. रीतसर फॉर्म भरला, सुरक्षेचे नियम ऐकले, कोच शेजारी उभे. आठ वर्षांत तिनं रायफलीला हात लावला नव्हता. ती चटईवर पालथी पडली, ती जुनी आखूड रायफल खांद्याला लावली, आणि मी स्वस्तातल्या गोळ्यांची डबी तिच्यापुढे ठेवली. तिनं पाचच काढून घेतल्या. मी म्हटलं, अगं, पन्नास आहेत. ‘असू दे दादा,’ म्हणाली, आणि बोल्ट सरकवला.

पहिल्या दोन वाया गेल्या. तिसरी आठमध्ये. शेवटच्या दोन दहाच्या रेषेवर एकमेकींना चिकटून. कोच दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. तिनं उठून आधी चटईच्या उजव्या बाजूच्या पुंगळ्या गोळा केल्या, पाच मोजल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.

‘केवढ्याला पडते रे एक?’

मी खरा आकडा सांगितला नाही.